ताटक्यांच्या घरची चाल

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटी थांबू दे. आख्यानाआधी एक प्रश्न विचारतो. लगेच उत्तर देऊ नका — तुमची लगेच दिलेली उत्तरं मला पाठ आहेत!

एक माणूस पूजेला बसला. ताम्हन घासलं. मनासारखं चकाकेना, पुन्हा घासलं. फुलं रंगाप्रमाणे लावली. वात फुलवात असावी की तेलवात, चार घरी विचारून आला. आणि एवढ्यात गाभाऱ्यातला देव उठून निघून गेला! सांगा, पाप कुणाचं? ताम्हनाचं? वातीचं? की पूजेचं नाव सांगत तयारीतच रमलेल्या त्या माणसाचं?

माना डोलावताय. डोलवा! आख्यान संपल्यावर किती डोलतात ते बघू.

तर ऐका. मिरजेच्या अलीकडे एक गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. तिथं ताटक्यांचं घर. आई भागीरथीबाई — गाव त्यांना भागीरथीकाकू म्हणतं. मुलगा वल्लभ. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो. पगार उत्तम, स्वभाव गरीब, तोंडात शिवी नाही. सून कस्तुरी, शाळेत गणित शिकवते.

त्या गावात देवीचा उत्सव असतो, आणि पहाटे देवीला पद म्हणून जागं करतात. पदाचे शब्द उत्सवाच्या पत्रिकेत छापलेले. कुणीही वाचावेत. पण चाल? चाल ताटक्यांच्या घरची! सासूनं सुनेला द्यायची, तिनं आपल्या सुनेला. नोटेशन नाही, कागद नाही. गळ्यातून गळ्यात. आणि चाल अशी वाकडी, की दुसऱ्या ओळीला खाली उतरताना भल्याभल्या पेटीवाल्यांची बोटं घसरतात. हसू नका हो पेटीवाले, तुम्हीही घसरला असता!

एके दिवशी काकूंचा घसा बसला. बसला तो उठेचना. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि काही न लपवता सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल. खाट रिकामी झाली की फोन करू, लगेच यायचं."

काकू घरी आल्या. पदर खोचला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कस्तुरी, उद्यापासून बस माझ्यापाशी. आहे तेवढ्या आवाजात चाल देते तुला."

"उद्या कशाला आई? आत्ताच बसते," कस्तुरी म्हणाली. बसलीसुद्धा!

आणि वल्लभ म्हणाला, "थांबा."

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ शिव्या ऐकल्या. पण या 'थांबा'इतका संताप मला एकीचाही आला नाही!

"असं घाईघाईत नको," वल्लभ म्हणाला. "चाल ही आपल्या घराची ठेव आहे. नीट जतन झाली पाहिजे. मी व्यवस्था लावतो. एक कळ दाबली की रेकॉर्डिंग सुरू, ओळीओळीचे तुकडे आपोआप, तुकड्याला नाव, नावापुढे शब्द. मग कस्तुरी सावकाश शिकेल. एकदा चुकीचं गळ्यात बसलं की काढता येत नाही."

"अहो, फोनवर करा ना! लाल ठिपका दाबायचा, झालं!"

"फोन?" सोवळ्यात असलेल्या माणसाच्या अंगावर ओला पंचा टाकावा, तसा वल्लभचा चेहरा झाला. "फोनला बोट लावावं लागतं!"

आता हे काय, विचाराल. तर वल्लभचं व्रत होतं. कॉम्प्युटरवर सगळं कळांनीच करायचं. हात कीबोर्डवरून हलता कामा नये! हात हलला की लक्ष मोडतं, लक्ष मोडलं की वेळ जातो. बरं, वाचवलेला वेळ कशाला लावायचा? आणखी वेळ कशानं वाचेल ते शोधायला! म्हणून माउस हद्दपार. गणपतीनं ज्याला पायाशी बसायला जागा दिली, त्याला ताटक्यांनी कपाटात कोंडला. आणि कीबोर्ड कसा? कळा सगळ्या कोऱ्या! त्यांवर अक्षरंच नाहीत! अक्षर बघून टाइप करणारा तो कच्चा, असं त्या पंथात मानतात. शिवाय अक्षरांच्या जागाही यानं आपल्या सोयीनं फिरवलेल्या. म्हणजे त्या यंत्रापुढे जगात एकच माणूस साक्षर — वल्लभ ताटके!

झाली निवड सुरू. पहिलं सॉफ्टवेअर टिपणांचं. सुंदर! पण एका ठिकाणी माउसशिवाय गाडी पुढं जाईना. बाद! दुसरं सगळं कळांवर चाले, पण टिपणाला आवाज जोडता येईना. बाद! तिसऱ्यात आवाज जोडता येत होता, तर त्याच्या कळा कॅलेंडरच्या कळांशी भांडायच्या. रेकॉर्डिंग सुरू करायला जावं, तर पंचांगासारखा महिना उघडायचा! मग कॅलेंडर बदला. कॅलेंडर बदललं की कामांची यादी त्याच्याशी बोलेना. यादी बदला! परदेशातल्या कुणा अनोळखी माणसांना विचारा. त्यांनी आणखी चार नावं सांगितली. ती लावा, काढा, जुळवा, पुसा!

आणि प्रत्येक नव्या यादीत पहिलं काम काय लिहिलेलं? 'आईची चाल. अतिमहत्त्वाचं.' लाल रंगात! इतक्या वेळा घर बदललं, पण हे काम वाटेत कधी हरवलं नाही हं. व्यवस्थितपणा म्हणजे व्यवस्थितपणा!

एका दुपारी काकू त्याच्या दाराशी आल्या. आवाज असा, जसा सुपात कोंडा फिरावा.

"वल्लभ, झालं का रे?"

त्यानं मान वर केली नाही. प्रेमानं म्हणाला — प्रेमानंच हं! — "होतंय आई. तू बोलू नकोस. आवाज जपून ठेव, रेकॉर्डिंगला लागेल."

ऐकलंत? रोगानं आवाज न्यायच्या आधी मुलानं तो बंद केला!

काकू मागं फिरल्या. छातीत काहीतरी भडकलं होतं, पण त्यावर त्यांनी आईपणाचं झाकण ठेवलं. स्वयंपाकघरात कस्तुरीनं हात धरला. "आई, त्यांना न सांगता शिकवा. कुकर लावते, शिटीच्या आवाजात त्यांना ऐकूही जायचं नाही."

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "नको. एवढा जीव टाकून करतोय. त्याला वाईट वाटेल."

काय करायचं या आयांना! मुलाला वाईट वाटू नये म्हणून घराण्याचं धन गिळून बसायचं! काकू, मी तुम्हालाही सोडणार नाही. तुमचंही चुकलं!

दिवस गेले. आवाज रोज थोडा थोडा झिजत कुजबुजीवर आला. आणि एका सकाळी फोन वाजला. खाट रिकामी झाली, आजच या.

वल्लभ म्हणाला, "आज? उद्या नाही का चालणार? फक्त दोन कळांचं भांडण उरलंय!"

कस्तुरीनं पिशवी खाली आदळली. "मरू देत तुमच्या कळा! गाडी काढा!"

गाडीत काकूंनी सुनेला जवळ ओढलं आणि तोंड उघडलं. पद म्हणायला लागल्या. पण मंडळी, कुजबुजीत शब्द येतात, सूर येत नाही! छापलेले तेवढे शब्द बाहेर आले. जे छापलेलं नव्हतं ते आतच राहिलं. काकूंनी पुन्हा जोर लावला. मिरज आली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टरांनी शब्द पाळला, जीव वाचवला.

आणि काकू उशीला टेकून बसायला लागल्या तेव्हा वल्लभ आला. काखेत लॅपटॉप, हातात तो कोरा कीबोर्ड. चेहऱ्यावर तेज!

"आई, जमलं! सगळं एकमेकांशी जुळलं! हे बघ."

एक कळ दाबली. रेकॉर्डिंग सुरू! पहिल्या फटक्यात! पडद्यावर रेघ सरकायला लागली. सपाट. मग जराशी थरथरली. तो काकूंचा श्वास होता, गळ्यातल्या नळीतून येणारा. यंत्रणा निर्दोष होती हो! तिनं श्वाससुद्धा टिपला!

तेव्हा कुठं त्याला कळलं, आपण काय धरून उभे आहोत. काहीतरी करायचं म्हणून त्यानं कीबोर्ड आईच्या मांडीवर ठेवला. "आई... काही सांगायचंय? टाइप कर ना. काहीही."

काकूंनी खाली बघितलं. सगळ्या कळा कोऱ्या. शाळेत गेलेल्या, पोथी वाचणाऱ्या बाईला मुलानं निरक्षर करून ठेवलं! इतके दिवस झाकलेलं ते सगळं वर आलं. त्यांनी मूठ वळली आणि कीबोर्डवर हाणली. धाड! पडद्यावर भराभर खिडक्या उघडल्या. कॅलेंडर, टिपणं आणि सगळ्यांच्या वर लाल अक्षरांत — 'आईची चाल. अतिमहत्त्वाचं.'

काकूंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुढं घरी आल्यावर कस्तुरी रोज त्यांच्यापाशी बसायची. लग्न होऊन आल्यापासून उत्सवात कानावर पडलेलं आठवून गायची. बरोबर गेलं की काकू तिचा हात दाबायच्या, चुकलं की नख लावायच्या. नखांनी हात लाल झाला. अशी पहिली ओळ परत आली. अख्खी! दुसरी नाही. ते खाली उतरणं काही केल्या सापडेना. काकूंना डोक्यात लख्ख ऐकू येत होतं, आणि दाखवायला वाट नव्हती. कल्पना करा त्या तळमळीची!

वल्लभ दारात उभा राहायचा. एकदा हळूच म्हणाला, "निदान ही पहिली ओळ तरी नीट रेकॉर्ड करून..."

"बसा इथं," कस्तुरी म्हणाली. "तोंड उघडा आणि शिका."

बसला. बेसूर गायला. आईनं त्यालाही नख लावलं. चांगलं खोल लावलं!

उत्सवाच्या पहाटे देवीपुढे दोघं उभी राहिली आणि पहिली ओळ गायली. मग थांबली. पुढचं पद गुरवानं पत्रिकेतून वाचून दाखवलं, सूचना वाचतात तसं. देवी त्या दिवशी अर्धीच जागी झाली.

संपलं आख्यान. आता तुम्ही! वल्लभला हसलात ना? मोठमोठ्यानं हसलात. आजोबांकडून गावाची हकिकत लिहून घ्यायची म्हणून कोरी वही कुणाच्या घरी आहे? चांगला माइक घेतला की आत्याची गाणी घेऊ, असं कोण म्हणतंय? दिवाळीत निवांत बसू, असं बापाला किती दिवाळ्या सांगताय? आणि ते तिसऱ्या खांबाजवळचे गृहस्थ, फोन उंच धरून माझं कीर्तन टिपताय! माझा आवाज ठणठणीत आहे, मी उद्याही ओरडेन! ज्या आईसाठी टिपताय तिचा आवाज शेवटचा कधी टिपलात?

खाली बघू नका. उठा! आरतीला थांबू नका, आरती मी आणि पेटीवाले करतो. ज्यांच्या घरी अजून कुणी बोलतंय त्यांनी निघा. प्रसाद नंतर! बाहेर अंधारात चपला शोधत बसू नका, अनवाणी जा!