घरचं खरं

पोलादपूरच्या एस.टी. थांब्यावर कुशाबा कापडे गावाच्या गाडीची वाट बघत होता. मागच्या बाकावर मायलेक बोलत होती. कुशाबाने मान वळवली नाही.

"गरिबाची पोरं म्हनून पुन्याला त्या सरांनी म्हैनाभर फुकट ठेवलं, वर्तमानपत्रात लिवायला शिकवलं. आनि तू काय लिवलंस, महिपत?"

"सर म्हनाले, घरचं खरं लिवा. त्यांनी छापलं, आये."

"उन्हाळ्यात आपुन रानातले कडू करांदे उकडून पोट भरतो, ह्ये?"

"खोटं हाय का?"

"तुडीलच्या पावन्यांनी वाचलं. तुझ्या बहिनीची सोयरीक मोडली."

"मैना काय म्हनते?"

"काय म्हनंल? करांदे सोलत बसलीय."

गाडी लागली. कुशाबा उठला; मागची दोघं उठली नाहीत.

"तिथं जेवाय काय द्यायचे रे?"

"दोन्ही वेळा आमटीभात."

"मग त्येवढंच लिवायचं व्हतंस."