रॉड दोन मिलिमीटर लांब

(परंड्यातलं भागवत मिस्त्रींचं गॅरेज. तुळजाबाईंच्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडलंय.)

भागवत : ऱ्हाऊ दे ते रॉकरखालचे वायसर, प्रतीक्षा. म्या घातल्यात.

प्रतीक्षा : म्हणूनच काढतेय, आप्पा.

भागवत : हेड तापून तिसऱ्यांदा घासून आनलंय. हेड पातळ झालं, म्हणून पुश रॉड लांब पडतो, वॉल मिटू देत न्हाय. वायसर घालून रॉकर उचलला की मिटतो. वीस वर्सं हेच करतोय म्या.

तुळजाबाई : तुमची वीस वर्सं ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. दोनदा गाइड बदललं माझ्या ट्रॅक्टरचं, दोनदा आठ दिसांत धूर. उद्या सोनारीत नांगरट घेतलीय. आज न्हाय जमलं तर टोचन लावून ओढत बार्शीला नेते. पुन्हा परंड्यात ट्रॅक्टर आननार न्हाय.

प्रतीक्षा : मावशी, कुंकवाची डबी हाय का जवळ?

तुळजाबाई : हाय की. आता काय इंजिनाची पूजा करतीस?

प्रतीक्षा : तेलात कालवून वॉलच्या टोकाला लावते. रॉकर कुठं घासतो ते दिसंल. आप्पा, वायसर अजून तसेच हायत. दोन फेरे फिरवा... बास. कुंकू कुठं पुसलं?

भागवत : कडंला.

प्रतीक्षा : म्हंजे रॉकर वॉलला तिरपा ढकलतोय. म्हणून वॉलभोवतीचं गाइड झिजून धूर येतोय. आता वायसर काढते आन हा रॉड घालते.

भागवत : हा कुठला?

प्रतीक्षा : जुना भंगारातला. मधून कापून बोल्ट बसवलाय. फिरवला की लांब हुतो, उलटा फिरवला की आखूड. कुंकू पुन्हा लावलंय, फिरवा इंजिन.

भागवत : ...मधोमध पुसलं गं.

प्रतीक्षा : आता दोन्ही वॉल बंद हायत. रॉकरचा स्क्रू निम्म्यावर ठेवते, मधी फट मोजायची फिलरची पट्टी घालते, आन रॉड हळूहळू वाढवते. बास, टेकला. लावा व्हर्नियर, मोजा लांबी.

भागवत : दोनशे तीस मिलिमीटर. जुना दोनशे बत्तीस हाय.

प्रतीक्षा : सहाही ठिकाणी मोजते. तेवढंच आलं तर बंडप्पाच्या लेथवर दोन-दोन मिलिमीटर कापून आणू.

भागवत : कापलेला रॉड वाढत न्हाय, पोरी! चुकलं तर नवे यायला आठ दिस.

तुळजाबाई : कापू द्या तिला.

भागवत : तुळजाबाई, तुमाला इंजिनातलं काय कळतं?

तुळजाबाई : कायबी न्हाय. पन कुंकू मधोमध लावायचं असतं, तेवढं कळतं.

(दुपार. सहाही रॉड कापून आणून बसवलेत, इंजिन जोडलंय. तुळजाबाई ट्रॅक्टरवर बसल्यात.)

प्रतीक्षा : मारा सेल्फ, मावशी.

तुळजाबाई : भैरोबा, सांभाळ रं बाबा... अगं बया! एका झटक्यात?

प्रतीक्षा : रेस वाढवा! अजून! धूर बघा, आप्पा, धूर!

भागवत : कुठाय धूर?

प्रतीक्षा : न्हायच की! तेच तर म्हणतेय!

तुळजाबाई : ऐका, ऐका आवाज! माझ्या नवऱ्यानं नवाकोरा आनला तवाबी असा वाजला न्हवता. पोरी, तू आज माझी लाज राखलीस. उद्या रानात ये, हुरडा खाऊ घालते. आता जाते, न्हायतर आनंदानं रडू यील मला.

भागवत : सावकाश जा... गेली बाई. प्रतीक्षा, कुठं शिकलीस हे?

प्रतीक्षा : आयटीआयमधी. गेल्या वर्षी सांगितलं हुतं तुमाला. तुम्ही म्हणालात, पंक्चर काढ.

भागवत : म्हणालो व्हय.

प्रतीक्षा : लई राग आला हुता मला.

भागवत : येनारच की... बलभीमचा नंबर हाय का तुझ्याकडं?

प्रतीक्षा : हाय. का?

भागवत : दिवाळीच्या आधी त्याच्याबी इंजिनात वायसर घातल्यात म्या. लाव फोन. म्हणावं, ट्रॅक्टर घेऊन ये, फुकट करून देतो.

प्रतीक्षा : मीच बोलू? त्यांनी इचारलं, काय चुकलं, तर?

भागवत : म्हणावं, आप्पा चुकले. आता इंजिन मी बघते, म्हणावं.