पुढची सीट आणि दहा किलो लोखंड

जबाब देणार: विमानात ज्यांच्या कोटातून लोखंडी वजन पडले त्या आजींची सून. वय: चोपन्न. धंदा: शिवणकाम. राहणार: खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाच्या वरचा मजला, जिना मागच्या बाजूने.

मी आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासूबाई असे तिघे राहतो. खालचे दुकान सासूबाईंच्या नावावर असून त्याच ते चालवतात. त्यांचे वय एक्क्याऐंशी आहे. पती नोकरीतून निवृत्त झाले असून सध्या घरी बसून सल्ले देतात. दुकान विकावे असे पतींचे म्हणणे आहे व विकू नये असे सासूबाईंचे. हा वाद रोज जेवताना होतो. जेवण बरे असते म्हणून माणसे टेबलावर टिकतात.

गेले काही महिने पती सासूबाईंच्या विसराळूपणाचे दाखले गोळा करत आहेत. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, हा त्यांचा हुकमाचा एक्का. फ्रिजमध्ये माझाही चष्मा सापडलेला आहे; परंतु माझ्या नावावर दुकान नसल्यामुळे त्याची कोणी दखल घेतली नाही.

आमच्याकडे मोटार आहे. पूर्वी ती सासरे चालवत, आता मी चालवते. शेजारच्या सीटवर पती बसतात व तिथून तेही ती चालवतात. मागे बसले की त्यांना मळमळते. लहानपणी एकदा सासऱ्यांच्या नव्या सीटकव्हरवर त्यांनी हे सिद्ध केले, तेव्हापासून पुढची सीट त्यांची झाली व सासूबाई मागे गेल्या, त्या आजतागायत मागेच आहेत. त्यांनी जे काही जग पाहिले ते पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीतून. याबद्दल त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी आरशातून पाहत असते म्हणून मला माहीत.

छोट्या विमानातून डोंगर आणि हिमनदी पाहायची ही इच्छा सासूबाईंची. आयुष्यात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट असावी, कारण ऐकून पतींना ठसका लागला. तरी ते तयार झाले. आई खूश झाली की दुकानाचे मनावर घेईल, असा त्यांचा हिशेब होता. विमानवाल्यांना फोन सासूबाईंनी स्वतः केला. त्यांना सांगण्यात आले की पायलटच्या शेजारी बसणारा माणूस निदान पंचावन्न किलोचा हवा, नाहीतर शेपटीकडे भार जास्त होतो. सासूबाई शेहेचाळीस भरतात, तेही जेवल्यावर. फोन ठेवून त्या दुकानात गेल्या आणि बराच वेळ वजनांच्या फळीसमोर उभ्या राहिल्या.

आज सकाळी आम्ही धावपट्टीवर पोहोचलो. निघण्यापूर्वी, रात्री मुक्काम केला त्या हॉटेलात, तू हरवशील, असे म्हणून पतींनी दुकानाच्या किल्ल्या सासूबाईंच्या हातातून काढून आपल्या खिशात घातल्या. मी बोलायला हवे होते.

धावपट्टीवर पत्र्याची एक खोली आहे. तिथे जमिनीवर काटा असून प्रत्येकाला त्यावर उभे करतात. पायलट ह्या एक तरुण बाई आहेत. पतींनी काट्यावर जाताना बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ काढले आणि श्वास रोखून धरला. काट्याने दाद दिली नाही. मी किती भरले त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. सासूबाई अंगात लांब कोट घालून हळूहळू चढल्या व छप्पन्न भरल्या. पायलटबाईंनी एकदा काट्याकडे आणि एकदा सासूबाईंच्या मनगटाकडे पाहिले. आमच्यात हाडं जड असतात, असे सासूबाईंनी त्यांना सांगितले. पुढे कोण बसणार, असे पायलटबाईंनी विचारले तेव्हा पतींनी तोंड उघडले. पण ते बूट घालायला वाकलेले होते आणि सासूबाई तोवर विमानापाशी पोहोचल्या होत्या.

त्यांना वर चढवायला मी व पायलटबाई असा दोघींचा जोर लागला. पती माझ्या शेजारी मागे बसले. त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. विमान सुटायच्या आधीच त्यांनी कागदी पिशवी मागून घेतली.

वर गेल्यावर पहिले डोंगर आले आणि त्यांच्या मधून हिमनदी. मी शिवणकाम करते, मला ती चुण्या घातलेल्या पांढऱ्या कापडासारखी वाटली, आणि चुण्यांच्या आत निळे अस्तर. मला सासूबाईंची फक्त मान दिसत होती. ती मान इकडून तिकडे, खालून वर अशी सारखी फिरत होती. घरी ती दुखते. सर्वांच्या कानांवर बोलण्याची यंत्रे होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे सगळ्यांना ऐकू आले. त्या म्हणाल्या, "हे मागून दिसलं नसतं." मला रडू आले. पतींना उलटी झाली.

नंतर सासूबाई आणखी पाहण्यासाठी पुढे वाकल्या. त्यांच्या कोटाचा आतला एक खिसा उसवला, त्यातून एक किलोचे वजन निसटले व घरंगळत पायलटबाईंच्या पायाशी, पायडलखाली जाऊन बसले. विमान डावीकडे वळले आणि वळतच राहिले. पायलटबाईंनी शांतपणे विचारले, "आजी, हे तुमचं का?" सासूबाई म्हणाल्या, "दुकानाचं." विमान हिमनदीवर गोल फिरत होते. दुसऱ्या फेरीला पती मोठ्याने "आई गं" असे ओरडले. त्यावर सासूबाईंनी मागे वळून "काय रे?" असे विचारले. तिसऱ्या फेरीला त्यांनी आपल्या काठीची वाकडी मूठ खाली घालून वजन ओढून घेतले व मांडीवर धरले. विमान सरळ झाले. अजून एक फेरी चालली असती, असे त्या म्हणाल्या. ते पायलटबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

आम्ही सुखरूप उतरलो. कोटातून आणखी पाच वजने निघाली, सगळी मिळून दहा किलो. सगळ्यांच्या जिवाशी खेळ झाला होता, हे मला कबूल आहे. पायलटबाईंना पोलिसांना कळवावेच लागले, नाहीतर त्यांचेच लायसन गेले असते. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांनी सासूबाईंना पाणी दिले आणि मग खडसावले, तेही याच क्रमाने.

माझ्या पतींनी माझ्याआधी जबाब दिलेला आहे. त्यात त्यांनी आईचे डोके ठिकाणावर नाही, तिला काय करते ते समजत नाही, तसा दाखला आपण डॉक्टरांकडून आणून देऊ, असे लिहून दिल्याचे मला सांगण्यात आले. जबाब घेणारे साहेब मला म्हणाले की तुम्हीही तसेच सांगा. म्हातारीवर गुन्हा होणार नाही आणि सगळे संध्याकाळपर्यंत घरी जाल. साहेबांनी हे चांगल्या मनाने सांगितले. पण तसा दाखला एकदा झाला की सासूबाईंची सही कुठेच चालणार नाही, दुकान पतींच्या हाती जाईल आणि महिन्याभरात त्याला दुसऱ्याचे कुलूप लागेल, हे साहेबांना माहीत नसावे. पतींना माहीत आहे.

या खोलीचे दार नीट लागत नाही. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्या काठी टेकत आत आल्या व साहेबांना म्हणाल्या, "माझ्यावर गुन्हा लिहा. वेडी लिहू नका." एवढे बोलून त्या परत बाकावर जाऊन बसल्या.

सबब मी सांगते की, सासूबाईंनी जे केले ते पूर्ण शुद्धीवर, ठरवून आणि नेट लावून केले. नियम काय आहे ते त्यांनी आधी विचारले, मग तो मोडला. वेडा माणूस आधी विचारत नाही. तसेच वेड्याला साथीदार मिळत नाही; त्यांना मिळाला. त्या कोटाला आतून सहा खिसे मी शिवले आहेत. त्या वजने घेऊन माझ्या मशीनपाशी आल्या, मी कारण विचारले, त्यांनी सांगितले, आणि मी दुहेरी दोरा भरला. एका खिशाचे टाके कच्चे राहिले ही चूक सर्वस्वी माझी, सासूबाईंची नाही. आता त्यांचे डोके फिरले आहे असे लिहायचे असेल तर माझेही लिहा. दाखला आणायचा तर दोघींचा आणावा लागेल, आणि मग स्वयंपाकघराच्या किल्ल्याही पतींनाच सांभाळाव्या लागतील.

साहेबांनी लिहिणे थांबवले. दाराबाहेरून पतींचा आवाज आला की दिलेला जबाब बदलता येतो का. नवा कागद लागेल, असे साहेब म्हणाले. कागद देण्यात आला. त्यावर पतींनी डोक्याचा भाग वगळला. नंतर ते बाकापाशी गेले व दुकानाच्या किल्ल्या त्यांनी आईच्या हातात ठेवल्या. सासूबाईंनी त्या कोटाच्या न उसवलेल्या खिशात टाकल्या. पती तिथेच शेजारी बसले. गुन्ह्याचा जो दंड होईल तो आम्ही दोघी मिळून भरू. वजने तपासासाठी ठाण्यात राहत आहेत. दुकान सोमवारी उघडायचे असल्याने ती त्याआधी मिळावीत ही विनंती.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले, ते बाकापर्यंत ऐकू गेले. माझ्या सांगण्याप्रमाणे ते बरोबर असून मी सही करत आहे. परत जाताना गाडी मी चालवणार आहे. सासूबाई पुढे बसतील. पतींनी मागे बसण्याचे मान्य केले असून, विमानातल्या दोन कागदी पिशव्या उरल्या आहेत त्या त्यांच्याकडे दिल्या आहेत.