एवढा घाणा काढते, आलेच!

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही थोरल्या ना घरातल्या, मग तुम्ही का नाही गॅस बंद केलात?" अहो, कसा करणार? धाकटी झारा उगारून कढईपुढे उभी, खजिन्यावर पहारेकरी उभा राहावा तशी! धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. बोलायला साखर, पण एकदा हट्टाला पेटली की... आणि हट्ट कशाचा, तर समोशाचा! कुरकुरीत समोशाचा! हसू नका. त्या समोशापायी सख्ख्या भावाशी अबोला धरला होता बाईने. अबोला तरी कसला, दोघांच्या पोरांची लग्नं होऊन गेली, तरी ही हॉलच्या या टोकाला आणि तो त्या टोकाला, पाठीला पाठ!

तुम्हाला सांगते, या घरात राहायला आलो तेव्हाची गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेलं, धाकटीने हौसेने समोसे केलेले. तिचा दादा घड्याळजी, जन्मभर बारीक चाकं दुरुस्त केलेला माणूस, त्याला मेलं सगळंच डोळ्याजवळ धरून बघायची खोड! त्याने समोसा उचलला, एक डोळा मिटला, बोटाने दाबला. समोसा दबला, आणि दबलेलाच राहिला. "छकुले," म्हणाला... तिचे केस पिकले तरी त्याची ती छकुलीच... "छकुले, हा समोसा आहे की पावसात भिजलेली चप्पल?"

सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू, चप्पलच होती ती! पण धाकटीच्या नाकाचा शेंडा लाल. "आवडत नसेल तर पुन्हा पाऊल टाकू नकोस माझ्या घरात!" तोही त्याच आईचा, "कुरकुरीत जमला की बोलाव, तेव्हा येईन!" आणि गेला. आम्ही म्हटलं, चार दिवसांत निवळेल. कसलं निवळतंय! ही म्हणे त्याने यावं, तो म्हणे तिने बोलवावं. आणि आतून दोघंही झुरतायत! रस्त्यात त्याचं दुकान लागलं की ही पलीकडच्या बाजूने जाणार, आणि तिथून मान वाकडी करकरून बघणार. "ताई, दादा खंगलाय का हो? चष्मा बदललाय ना?" अगं, मग जाऊन विचार की त्याला! छे. मान मोडेल, पण वाकणार नाही.

आणि एक दिवस भावजी घरी आले ते तोंड पाडूनच. भावजी म्हणजे हिचा नवरा, माझा दीर, दोन्हीकडचे निरोप वाहून वाहून त्या बिचाऱ्याचा पोस्टमन झालेला. म्हणाले, "दादा दुकान बंद करून लेकीकडे चालले. परदेशात. कायमचे. विमानतळावर जाताना वाटेत अर्धा तास येतो म्हणालेत. तू बोलावलंस तर."

धाकटी पोळपाटावर हात टेकून बसून राहिली. मला वाटलं, आता रडते. तर म्हणते काय, "ताई, मैदा आहे ना घरात?"

मग काय विचारता! भावजींच्या हाती "ये" म्हणून निरोप धाडला, आणि रोज समोसे! एक दिवस पापुद्र्याला देवी आल्यासारखे फोड, एक दिवस बाहेरून लाल आणि आत कच्चं पीठ, एक दिवस कढईतच शिवण उसवली आणि बटाटे तेलात पोहायला लागले. भावजी गुपचूप खायचे आणि सोड्याची पुडी घेऊन झोपायचे. शेवटी ती कोपऱ्यावरच्या हलवायाकडे गेली. तो हसायला लागला. "वहिनी, मोहन किती घालता? पीठ मुठीत आवळलं की मुटका धरला पाहिजे. भिजवायचं घट्ट. सारण पार गार करून भरायचं. आणि तेल कोमट असतानाच समोसे सोडायचे, आच मंद, अगदी मंद. मोठी केलीत की संपलं! तेलाला घाई चालत नाही."

तेलाला घाई चालत नाही! घरात जपच सुरू झाला. उठता बसता, तेलाला घाई चालत नाही. आणि जमले हो! तो यायच्या आदल्या दिवशी असे जमले की मी समोसा मोडला तो भावजींना बाहेरच्या खोलीत ऐकू गेला. धाकटी इतकी खूश! मला हळूच म्हणाली, "ताई, उद्या आधी पहिला समोसा त्याच्या हातावर ठेवणार, तो मोडला की म्हणणार, दादा, झालं गेलं सोड. एवढं बोलले ना, की मी मोकळी."

आता मला सांगा, समोसा मोडायच्या आधी बोलता येत नाही का हे?

दादा आला. घड्याळजीच तो, बोलल्या वेळेला बेल! आणि हिने पहिला घाणा नुकताच तेलात सोडलेला. तळाशी पडून होते समोसे, हू की चू नाही, बारीक बारीक बुडबुडे. दादा बाहेर बसला. थकला होता हो. टॅक्सी खाली उभी, मांडीवर पिशवी, नजर सारखी आतल्या दाराकडे. भावजी आपले विचारतायत, "तिकडे थंडी फार असेल नाही?" तो म्हणतोय, "असेल."

मी आत गेले. "अगं, आला आहे तो. जा की बाहेर, मी बघते कढई." "नको! तुम्ही आच वाढवाल!" घ्या! माझ्या उभ्या जन्माच्या स्वयंपाकावर एवढाच भरवसा! मग बाहेरून हाक आली. "छकुले, ये ना जरा." ही इथूनच, "एवढा घाणा काढते, आलेच!" तेवढ्यात भावजी आत. "अगं, ते घड्याळ बघतायत." "त्यांना म्हणावं, तेलाला घाई चालत नाही!"

शेवटी तो स्वतःच उठून आला स्वयंपाकघराच्या दारात. हात भिंतीला टेकवून उभा. हिची त्याच्याकडे पाठ. मला दोघांचेही चेहरे दिसत होते, आणि तुम्हाला सांगते, दोघंही एकाच जागी ओठ चावत होती. तो म्हणाला, "राहू दे ते समोसे. दोन शब्द बोलायचेत." त्या वेळी तरी वळावं ना बाईने! तिने नुसता झारा हलवला. "आत बघायचं नाही हं, दादा! ताटात येईपर्यंत बघायचं नाही. बस तू बाहेर, एवढा घाणा काढते, आलेच!" आवाज इतका लाडात आलेला, लहानपणीचा असावा तसा. तो हसला, मान हलवली, आणि गेला बाहेर. काय बोलायचं होतं, ते त्याच्या पोटातच राहिलं.

खालून टॅक्सीचा हॉर्न. एकदा. दोनदा. इकडे समोशांना कुठे रंग चढायला लागलेला! हॉर्न वाजतोय, समोसे बदामी होतायत, हिच्या गालावरून घाम की काय ते ओघळतंय. समोसे झाऱ्यावर आले, सोन्यासारखे, एक फोड नाही! त्यांच्या जागी दुसरा घाणा तेलात गेला. आणि बाहेरून भावजी, "अगं, निघाले! विमान चुकेल!" हिने दिसेल तो डबा ओढला, त्यात ते कढत समोसे कोंबले, झाकण गच्च लावलं, आणि पदर सावरत जिन्यावरून धावत सुटली. मागून मी, गुडघे धरून. टॅक्सी सुरू झालेली. खिडकीतून डबा आत गेला, त्याचा हात बाहेर आला, तिच्या बोटांना लागला न लागला, आणि गाडी गेली. "दादा" एवढंच म्हणाली ती. पुढचं सगळं तोंडात.

वर आलो. कढईत दुसरा घाणा शांत तळत होता. त्याला कुणाची घाई?

मी ते समोसे काढले, निवू दिले, रडं आलं तरी भूक लागतेच ना माणसाला, आणि एक तोंडात घातला, तेवढ्यात फोन. विमानतळावरून दादा! भावजींनी आवाज मोठा केला आणि फोन मधे ठेवला.

"छकुले, डबा उघडला."

धाकटी फोनकडे सरकली. मी मात्र कपाळाला हात लावला! कढत समोसे, गच्च झाकण... वाफ धरली असणार की हो! डब्यात घामाघूम झाले असणार सगळे!

"छकुले... अगं, अजूनही चप्पलच आहे गं ही." आणि हसला. हसता हसता नाक ओढलं त्याने, ते इथे ऐकू आलं.

आता मला सांगा, आम्ही साक्षीदार होतो ना! ताटात पुरावा होता! मी हात नाचवून तिला खुणावतेय, सांग, सांग त्याला, वाफेने झालंय म्हणावं! धाकटीने माझ्याकडे बघितलं, तोंडावर बोट ठेवलं, आणि फोनवर वाकली.

"हो रे दादा. मऊच होतात माझे. नाही जमलं बघ शेवटपर्यंत."

"असू दे. मला असेच आवडतात. मघाशी दारात तेच सांगायचं होतं," तो म्हणाला, "पण तू कुठे सांगू दिलंस!"

मग काय, दोघं बोलायला लागली. आई, जुनं घर, त्याचं गुडघेदुखीचं औषध, तिची नात... विमानाची वेळ होईपर्यंत बोलत होती. चांगलंच झालं हो. पण माझा विचार कुणी केला? पहिला घास दाढेखाली धरलेला, आणि चावायची सोय नाही! कुरकुर केलं असतं तर फोनमध्ये आवाज गेला असता ना! त्यांनी फोन ठेवेपर्यंत मी आपली गाल फुगवून बसलेली... आणि इतक्या वर्षांनी या घरात जमलेला कुरकुरीत समोसा माझ्या तोंडात मऊ झाला.