वाऱ्याची जागा

धाकटा: आधी त्या खुर्चीवरून उठ, ताई. मग काय ते विचार.

ताई: अरे, आत यंत्राखाली कॅन्सरचा पेशंट झोपलाय, डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर मुखवटा आवळलाय, आणि तू फोनवरून मला उठाबशा शिकवतोयस. झालंय काय?

धाकटा: किरण सुरू केलेस?

ताई: अजून नाही.

धाकटा: करू नकोस. तुझ्या टेबलाखाली, भिंतीत, केबलसाठी नळी आहे ना?

ताई: आहे की. आतल्या एसीचा गारवा तिच्यातूनच येतो. म्हणून तर खुर्ची इथे ओढलीय.

धाकटा: त्या भिंतीतून किती किरण बाहेर येतील, याचा हिशेब मी केला होता.

ताई: ठाऊक आहे. महिनाभर घरादाराला भिंत समजावत होतास. चूक म्हणे फार तर अर्धा टक्का.

धाकटा: तोच अर्धा टक्का मला खातोय. ऐक. यंत्रातून किरणांबरोबर न्यूट्रॉनही सुटतात. संगणकावर एकेक न्यूट्रॉन भिंतीत सोडून पाहायचा म्हटलं, तर बहुतेक सगळे आतच मरतात. पलीकडे पोचणारा सापडेपर्यंत संगणक म्हातारा होईल. म्हणून आधी भिंतीचे ठोकळे पाडून एक ढोबळ, झटपट गणित करायचं. त्यातून नकाशा मिळतो, की कोणत्या वाटेवरचा न्यूट्रॉन कामाचा. मग त्या नकाशाप्रमाणे एकेक सोडायचा. कामाच्या वाटेवर एकाचे अनेक करायचे. बिनकामाच्या वाटेवर चिठ्ठ्या टाकून बहुतेकांना बाद करायचं, आणि वाचलेल्याच्या अंगावर बाद झालेल्यांचं वजन चढवायचं.

ताई: म्हणजे बेरीज जमते.

धाकटा: कोणी वाचला तर. माझे ठोकळे नळीपेक्षा मोठे होते. नळी काँक्रीटमध्ये विरघळून गेली, आणि नकाशाने ती वाट बिनकामाची ठरवली. तिथून कोणी आलाच नाही. जो आलाच नाही, त्याला टक्क्यात कसं धरणार? आज सहज चिठ्ठ्या बदलून पुन्हा चालवलं. नळीतून एक आला. खुर्चीपाशीचा आकडा कुठल्या कुठे गेला.

ताई: एकावरून काय ठरतं? एका पेशंटवरून औषधाचे गोडवे गायले, की तूच आमच्या अंगावर येतोस.

धाकटा: म्हणून तर साहेबांच्या आधी तुला फोन केला. मी मूर्ख ठरलो, तर मला हवंच आहे.

ताई: थांब. यंत्र बसवलं तेव्हा मीटर घेऊन माणसं आली होती. सगळीकडे मोजून गेली.

धाकटा: सगळीकडे नाही. मी ज्या जागा धोक्याच्या म्हणून दाखवल्या, तिथे.

ताई: आणि आमच्या छातीवरच्या किरण मोजणाऱ्या बिल्ल्यांना न्यूट्रॉन दिसत नाही. त्याची गरज नाही, असंच ठरलं होतं.

धाकटा: माझ्याच आकड्यांवरून.

ताई: मी दुपारच्या पाळीला असते. सकाळी या खुर्चीवर कोण बसतं, ठाऊक आहे तुला?

धाकटा: कोण?

ताई: आमची चिमणी, सकाळच्या पाळीची पोरगी. सातवा महिना लागलाय तिला. उकडतंय म्हणून कुरकुरत होती, तर मीच तिला ही जागा दिली. म्हटलं, इथे बस बाई, वारा येतो.

धाकटा: न्यूट्रॉनचा मीटर आहे का तिथे?

ताई: कपाटात आहे. पेशंटला काय सांगू?

धाकटा: यंत्र तपासायचंय म्हण. खोटं नाही ते.

(काही वेळाने. फोन मधल्या काळात चालूच आहे.)

ताई: आत कोणी नाही. मीटर नळीच्या तोंडाशी ठेवलाय. किरणांचं बटण दाबून मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आलेय. दाराच्या काचेतून काटा दिसतोय.

धाकटा: हलतोय?

ताई: घाई करू नकोस.

धाकटा: मीटर जुना असेल तर पहिला आकडा सोडून दे. दुसरा बघ.

ताई: बारक्या, गप्प राहा जरा.

धाकटा: ताई, कसला आवाज झाला?

ताई: इथल्या भिंतीवरचं लाल बटण दाबलं. बंद केलं यंत्र.

धाकटा: काटा कुठे होता? निदान एवढं सांग.

ताई: फोन ठेव आता. मला चिमणीला लावायचाय, आणि तिच्याशी सुरुवात कशी करायची ते अजून सुचलेलं नाही.