साळ्याची रोल जोडायची मशीन

आमच्या साळ्याचं डोकं कधी कुठी चालन, काई नेम नाई पहा. मी ऊर्जानगरले एका गेस्ट हाऊसवर केअरटेकर आहो. पाहुणा गेला की त्याचा अर्धा उरलेला टॉयलेट पेपरचा रोल मी घरी आणतो. साळ्यानं ते सारे रोल जोडून एक करायची मोटरवाली मशीन बनवली. रोल झाला टरबुजाएवढा!

"अबे, एवढा मोठा काऊन केला?"

"मोटर भारी आहे ना, भाऊजी. सारे रोल एका दमात ओढले."

"मोटर आणली कुठून?"

"तुमच्या कूलरची काढली."

भर मे महिन्यात, चंद्रपुरात! मले दरदरून घाम फुटला. तर हा तोच रोल पुढं करून म्हणते, "पुसा ना, भाऊजी. उन्हाळाभर पुरते."