केळीची पानं

चक्रीवादळाच्या आदल्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात दोरासाठी रांग लागली होती. माझ्या पुढे एक बाई आणि तिचा दीर.

“वहिनी, दोर घ्यायला आलोय ना? कोयता कशाला?”

“केळीची पानं छाटायला. सगळी.”

“डोकं ठिकाणावर आहे का? हिरवीगार बाग आहे!”

“मागच्या वादळात बांधली होतीच की. दोर शाबूत राहिले, झाडं मोडली. वारा पानांना धरूनच झाड पाडतो.”

“लोक हसतील.”

“हसू देत. पानं पुन्हा फुटतील, मोडलेलं खोड उभं राहत नाही.”

“आणि वादळ दुसरीकडेच वळलं तर?”

“वळू दे. पुढच्या खेपेलाही छाटीन. अहो शेठ, दोन कोयते द्या. एक भाऊजींच्या हाताला बसेल असा.”